ओल्या फळीवर रंधा

“ओल्या लाकडाला करवत दाखव, रंधा दाखवू नकोस. आणि भाव सांगायच्या आधी फळी गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत मोज. ऐकतेस ना गं?”

हा आवाज मिस्त्रींचा. माणूस गेला, पण ताज्या भुशाचा वास आला की अजूनही तो आवाज माझ्या कानी पडतो. हे सगळं ते आपल्या लेकीला सांगायचे. मी नेमका त्यांच्या हातात असायचो, म्हणून मलाही ते पाठ झालं. पाठ होऊन उपयोग काय? मला तोंड आहे, पण ते बोलायचं नाही.

मित्रांनो, मी एक जुना रंधा आहे. सुताराच्या हातातलं लाकडी ठोकळ्यासारखं हत्यार तुम्ही पाहिलं असेल. खालून सपाट, मध्ये एक खाच, खाचेत तिरकं बसवलेलं पोलादाचं पातं, आणि पातं हलू नये म्हणून ठोकलेली पाचर. खरखरीत फळीवरून मला पुढे ढकललं की माझ्या तोंडातून कागदासारख्या पातळ ढलप्या वळत वळत बाहेर पडतात आणि मागची फळी गुळगुळीत होत जाते. एवढंच माझं काम. सोपं वाटतं ना? सगळ्यांनाच वाटतं. माझा वैताग तिथूनच सुरू होतो.

मिस्त्री ऐन तारुण्यात होते तेव्हा त्यांनी मला घडवलं. एका पाडलेल्या पुलाच्या तुळईचा तुकडा त्यांनी जपून ठेवला होता. ऊनपाऊस खाऊन तो इतका पक्का झाला होता की टिचकी मारली तर भांड्यासारखा वाजायचा. माझं पातं एका मोडक्या ट्रकच्या कमानीचं. लोहाराने ते तापवून ठोकून दिलं आणि म्हणाला, “हे तुझ्या नातवंडांनासुद्धा पुरेल. फक्त याला ओलं ठेवू नकोस.” माझ्या मुठीला आकार मात्र मिस्त्रींच्या तळव्याने दिला, हळूहळू, रोज धरून धरून. त्यांचा अंगठा टेकायचा तिथे एक खळगा पडला आहे. तो आजही आहे.

आमचं घर म्हणजे एक सॉमिल, लाकूड कापायची गिरणी. वर पत्रा, तीन बाजूंना भिंती, चौथी बाजू रस्त्याला उघडी. मध्यभागी मोठी पट्ट्याची करवत. ती सुरू झाली की बाकी सगळ्यांनी ओरडूनच बोलायचं. त्या सवयीने या घरातली माणसं जेवतानासुद्धा ओरडून बोलतात, आणि शेजाऱ्यांना वाटतं रोज भांडण चाललंय. ओरडत नसे ती एकटी ताई, मिस्त्रींची मोठी मुलगी. ती करवतीच्या आवाजाखालून बोलायची, आणि तरी ऐकू यायचं.

मिस्त्रींची एक रीत होती. कोणी आपला ओंडका घेऊन कापून न्यायला आला की ते दोन भाव सांगत. कापायची मजुरी आज, ओल्या मापावर. रंध्याची मजुरी फळ्या वाळल्यावर, तेव्हा पुन्हा मोजून. लोक वैतागायचे.

“मिस्त्री, एकाच सिनेमाची दोन तिकिटं का हो?”

“अहो, या फळीत निम्मं पाणी आहे,” मिस्त्री हसून म्हणायचे. “पाण्यावर रंधा मारल्याचे पैसे मी कोणत्या तोंडाने घेऊ?”

मित्रांनो, हे नीट समजून घ्या, नाहीतर पुढची गोष्ट कळायची नाही. नुकतं पडलेलं झाड आतून चिंब असतं. फळी कापली की ते पाणी हळूहळू उडतं आणि फळी आटते, जाडीला आणि रुंदीला. शिवाय ती सगळीकडून सारखी आटत नाही. एक बाजू पुढे धावते, दुसरी मागे रेंगाळते, आणि त्या ओढाताणीत फळी वाकते. म्हणून शहाणा माणूस फळी मुद्दाम थोडी जाड कापतो, सावलीत थप्पी लावून ठेवतो, दोन फळ्यांच्या मधून वारा खेळावा म्हणून पातळ पट्ट्या घालतो, आणि मग वाट बघतो. तिला जेवढं वाकायचं तेवढं वाकून झालं की मग माझं काम. तोवर मी खुंटीवर. ओल्या फळीवर मला फिरवलं तर ढलपी निघत नाही, लगदा निघतो. तो माझ्या घशात अडकतो, पात्याला गंज चढतो, आणि फळीचे तंतू न कापता नुसते उभे राहतात. थंडीत कुत्र्याच्या पाठीवरचे केस उभे राहतात ना, तसे.

मिस्त्री होते तोवर हे कोणी मला सांगायला लावलं नाही. ते गेले आणि माझे दिवस फिरले.

ताई करवत चालवायची. तिचा भाऊ, ज्याला सगळे धाकटा म्हणत, दारातल्या टेबलाशी बसून भाव करायचा. धाकटा वाईट नव्हता. गोड बोलायचा, कोणाला परत पाठवायचा नाही. पण त्याला वाट बघण्याचा जन्मजात कंटाळा. चहासुद्धा बशीत ओतून फुंकायचा, त्यालाही गार होण्याइतकी सवड द्यायचा नाही. त्याने रंधा मारायचं एक मशीन आणलं आणि मला फळीवर ठेवून दिलं. फळीवर म्हणजे भिंतीतल्या फळीवर, कामाच्या नव्हे. माझ्या डोक्यावर खिळ्यांचा डबा आला. डब्यावर डिंकाची बाटली. बाटलीवर कोणाची तरी विसरलेली टोपी. माझ्या तोंडात एका कोळ्याने संसार थाटला. मी काय बोलणार? निदान कोणीतरी राहायला आलं, असं म्हणून गप्प बसलो.

अशातच एका सकाळी शिंपीणबाई आल्या.

हातगाडीवर तुतीचा जाडजूड ओंडका, आणि गाडीमागे त्या, एका हाताने ओंडका धरून, दुसऱ्या हाताने गुडघा दाबत. वादळात त्यांच्या परसातली तुती पडली होती. तिच्याच सावलीत बसून त्यांनी आयुष्यभर शिवण केलं होतं. कापड बेतायचं ते मात्र जमिनीवर, ओणवं बसून. आता गुडघ्यांनी हात टेकले होते.

“डॉक्टर म्हणतात, जमिनीवर बसाल तर एक दिवस उठणार नाही,” त्या म्हणाल्या. “भाच्याने बाजाराच्या तोंडाशी दुकानाची खोली मिळवून दिलीय. आता उभं राहून बेतायला टेबल हवं. या ओंडक्याचं. दुसऱ्या कशाचं नको.”

“का हो, तयार टेबल स्वस्त पडेल की,” धाकटा म्हणाला.

“तयार टेबलाने माझी पोरं वाढताना पाहिलीत का?”

धाकट्याने मान डोलावली. अशा प्रश्नाला भावात उत्तर नसतं.

त्यांना हवं होतं ते अगदी नेमकं होतं. टेबल इतकं रुंद की कापडाचा पूर्ण पन्हा त्यावर सपाट पडावा, कडेने लोंबू नये. आणि फळी दीड इंच जाड, म्हणजे कात्री दाबली तरी हलणार नाही. हे सगळं शाळा उघडायच्या आत, कारण गणवेशांचं मोठं काम त्यांनी अंगावर घेतलं होतं. ते हातचं गेलं तर खोलीचं भाडं कुठून द्यायचं, हा प्रश्न होता.

ताई करवत थांबवून आली. तिने ओंडक्याच्या तोंडावर हात ठेवला, मग तो हात आपल्या गालाला लावला.

“फार ओला आहे हो, मावशी. दीड इंच हवी असेल तर जास्त जाड कापायला लागेल. वाळताना आटेल, मग रंधा खाईल, तेव्हा कुठे दीड उरेल. पण तशा चारच फळ्या निघतात यातून.”

“चारात पन्हा बसेल?”

ताईने दोरी लावून पाहिली. “नाही. थोडा लोंबेल.”

“मग काय उपयोग? आणि वाळायला किती दिवस?”

“दिवस नाही हो. पावसाळा, हिवाळा, सगळं जायला हवं.”

शिंपीणबाई मटकन ओंडक्यावरच बसल्या. “अगं बाई, तोवर माझे गुडघे वाळतील.”

तेवढ्यात धाकटा टेबलामागून पुढे आला. “मावशी, तुम्ही काळजी करू नका. दीड इंच मागितलीत, दीड इंच मिळेल. बरोब्बर पाच फळ्या. रंधा मारून, गुळगुळीत. आणि एकच भाव, कापणं-रंधा सगळं धरून. आठवड्यात घेऊन जा.”

“ओल्यावर रंधा?” ताई हळूच म्हणाली. “बाबा काय सांगायचे?”

“बाबांचं सगळं खरं, ताई. पण बाबांच्या वेळी रस्त्याच्या पलीकडे दुसरी सॉमिल नव्हती. आपण नाही म्हटलं तर ही गाडी रस्ता ओलांडेल, एवढंच होईल. लाकूड तर ओलंच कापलं जाणार.”

ताईने शिंपीणबाईंकडे पाहिलं. त्या एका हाताने गुडघा चोळत होत्या, पण डोळे ताईच्या तोंडाकडे. कोणीतरी हो म्हणावं म्हणून माणूस बघतो ना, तसे.

ताई हो म्हणाली.

मी भिंतीवरून ओरडलो. खिळ्यांचा डबासुद्धा हलला नाही.

तुती कापली गेली. पाच फळ्या, अगदी मोजून दीड इंचाच्या, एक केसभर वर नाही. ओल्या तुतीचा रंग बघायला हवा होता मित्रांनो, हळदीसारखा पिवळाधमक. बाजूला एक फळकूट उरलं, म्हणजे ओंडक्याच्या कडेची वेडीवाकडी साल असलेली पाटी. “ते नको मला, जाळून टाका,” शिंपीणबाई म्हणाल्या. ताईने जाळलं नाही. डब्यात उरलेल्या तैलरंगात फडकं बुडवून तिने फळकुटाच्या दोन्ही टोकांना रंग फासला, कारण टोकांतून पाणी घाईने पळालं की लाकूड चिरतं. मग ते मागच्या सावलीत दोन विटांवर ठेवून दिलं. कोणी विचारलं नाही, तिने सांगितलं नाही.

फळ्या मशीनमध्ये घातल्या. मशीन दोन घास खाऊन खोकलं, तिसऱ्याला बंद पडलं. आत ओल्या भुशाची पुरचुंडी घट्ट बसली होती. धाकट्याने ते खोललं, साफ केलं, पुन्हा लावलं. पुन्हा तेच. शेवटी त्याची नजर माझ्याकडे वळली.

टोपी उडवली, बाटली सरकवली, डबा खाली. कोळ्याचा संसार एका फुंकरीत गेला. इतक्या काळाने कोणीतरी हातात घेतलं म्हणून मला क्षणभर आनंद झाला, हे खोटं कशाला सांगू? पण तो हात मिस्त्रींचा नव्हता. अंगठ्याजवळच्या खळग्यात त्याचं बोट बसतच नव्हतं. त्याने धार बघितली नाही, पाचर ठोकून पाहिली नाही, आणि सरळ ढकललं. थेट ओल्या तुतीवर.

मित्रांनो, तुम्हाला कोणी ओली वही देऊन सुवाच्य अक्षर काढायला सांगितलं आहे का? माझी तीच गत झाली. हातभर पुढे गेलो की घसा बंद. धाकटा खिळ्याने लगदा उकरायचा, पुन्हा ढकलायचा. मला चिडता येत नव्हतं, थांबता येत नव्हतं, आणि माझ्या मागे गुळगुळीत फळीऐवजी केसाळ अंगाची फळी उभी राहत होती. धाकट्याने त्यावर सँडपेपर घासला, आणि वरून तेलाचा हात मारला. तेलात सगळं चकाकतं. शिंपीणबाई हात फिरवून म्हणाल्या, “अगदी रेशीम हो!” आणि फळ्या घेऊन आनंदाने गेल्या.

धाकट्याने मला तसंच, ओल्या तोंडाने, परत भिंतीवर ठेवलं. आणि डोक्यावर डबा.

पात्यावर गंज चढायला फार वेळ लागला नाही. लोहाराचे शब्द मला तेव्हा आठवत राहिले.

शाळा उघडल्या. पाऊस सुरू झाला, थांबला, पुन्हा सुरू झाला. आणि एके दिवशी शिंपीणबाई परत आल्या. रिक्षात आडवी घातलेली एक फळी, तिचं टोक बाहेर. त्यांनी ती उतरवली आणि धाकट्याच्या टेबलावर आपटली. फळी दोन्ही कडांनी वर उचलली होती आणि मध्ये खोलगट झाली होती. टेबलावर ती पाळण्यासारखी झुलली.

“मी फळ्या मागितल्या होत्या,” शिंपीणबाई म्हणाल्या. “तुम्ही पन्हळी दिल्यात. आता पत्र्याखाली लावते, पावसाचं पाणी तरी जाईल.”

“मावशी, बसा आधी.”

“बसायचं नाही म्हणून तर टेबल घेतलं ना रे! पाचही अशाच. मधली तर गाभ्यावर उभी चिरली. जोडांत फटी एवढ्या की टाचण्या खाली गळतात. कापड पसरलं की खळग्यात बसतं. तसंच बेतलं मी, सपाट आहे असं समजून. निम्म्या गणवेशांची एक बाही लांब, एक आखूड. शाळेतून परत आले. उसवून, नवीन कापड आणून, पुन्हा शिवले. कुठे बसून? जमिनीवर!”

धाकटा कसंनुसं हसला. “लाकूड आहे मावशी. ते हलणारच.”

त्याने असं म्हणायला नको होतं.

शिंपीणबाईंचा आवाज एकदम खाली आला. मोठ्या आवाजापेक्षा तो जास्त लागला. “नवं सुती कापड आलं की मी आधी रात्रभर पाण्यात घालते. वाळवते, इस्त्री करते, मग बेतते. गिऱ्हाईक घाई करतं, तरी. कारण न भिजवता शिवलं आणि पहिल्या धुण्यात परकर गुडघ्यावर आला, तर मी ‘कापड आहे, आटणारच’ असं म्हणू? ते मला माहीत असतं रे. गिऱ्हाइकाला नसतं. म्हणून तर ते माझ्याकडे येतं.”

करवत केव्हा बंद झाली होती, कोणाला कळलं नाही. ताई मागे उभी होती. तिच्या हातातल्या फडक्यातून भुसा गळत होता.

“आता हे सपाट करून दे,” शिंपीणबाई म्हणाल्या. “आत्ता.”

धाकट्याने चटकन हात वर केला, डबा सरकवला आणि मला उचललं. मित्रांनो, माझा संताप काय सांगू! ज्या चुकीसाठी बाईंनी रिक्षा केली, तीच चूक तो पुन्हा करायला निघाला होता, आणि माझ्याच तोंडाने. फळी अजून आतून ओलीच होती. वर वर सपाट केली असती, तर ती आणखी वाकली असती.

“ठेव ते,” ताई म्हणाली.

हळूच म्हणाली, पण धाकट्याने मला ठेवलं.

ताईने ती फळी उचलून उन्हात नेली, डोळ्याला लावून कडेवरून पाहिली, बोटाने ठोकली. आवाज मंद, मऊ, पीठ भरलेल्या डब्यासारखा.

“मावशी, आज मी काही केलं, तर ते पुन्हा खोटं ठरेल,” ती म्हणाली. “चूक धाकट्याची एकट्याची नाही. हो मी म्हटलं होतं. पाचही फळ्या परत पाठवा. मी थप्पी लावते. पूर्ण वाळू दे. मग मी स्वतः तुमच्या दुकानात येईन, रंधा घेऊन, आणि तिथे सपाट करून, जोडून देईन. जाडी दीड उरणार नाही. एक इंच उरेल, खालून आडव्या पट्ट्या मारू, म्हणजे हलणार नाही. मजुरी नको.”

“आणि रुंदी? चिरलेली फळी ताशीत गेलीस, तर पन्हा कुठे बसणार?”

“तुम्ही जाळायला सांगितलेलं फळकूट मी ठेवलंय. त्यातून पट्टी निघेल.”

शिंपीणबाई म्हणाल्या, “पैसे घ्यायला लोक दारात येतात. काम करून द्यायला कोण येतं गं? तू येशील?”

“येईन.”

“आणि तोवर मी काय करू? भिंतीवर बेतू?”

ताईने इकडेतिकडे पाहिलं. मग ती धाकट्याच्या टेबलाकडे गेली. जुनं, भक्कम, मिस्त्रींच्या हातचं टेबल. तिने त्यावरचा पेला, पंखा आणि धाकट्याचा चष्मा उचलून खिडकीत ठेवला.

“हे न्या.”

“अगं ताई!” धाकटा ओरडला. “मी भाव कुठे करू?”

“उभा राहून कर. मावशी उभ्या राहून बेततील, तू उभा राहून मोज.”

रिक्षावाला हसला, आणि त्याला हसताना पाहून शिंपीणबाईंनाही हसू आलं. मला वाटतं, त्या दिवसातलं ते पहिलंच.

तेव्हापासून धाकटा दोन ओंडक्यांवर ठोकलेल्या फळीपाशी उभा राहून भाव करायचा. गिऱ्हाइकं विचारायची, “टेबल कुठे गेलं?” सुरुवातीला तो चिडायचा. मग म्हणायला लागला, “आमचं टेबल शिवणकाम शिकायला गेलंय.” आणि उभं राहिल्यामुळे असो की आणखी कशामुळे, तो फळीपाशी जाऊन मोजायला लागला. एकदा मी स्वतःच्या कानांनी ऐकलं, तो एका माणसाला विचारत होता, “ओल्याचं माप सांगू की वाळल्याचं? दोन्ही वेगळी असतात, आधीच सांगतो.” तो माणूस रस्ता ओलांडून पलीकडे गेला. धाकट्याने दगडाला लाथ मारली आणि मग पाय चोळत बसला. पण त्याने भाव बदलला नाही.

ताईने मला खाली घेतलं. माझा गंज तिने बारीक रेतीने काढला, पातं दगडावर घासलं. माझ्या तोंडातला सुकलेला लगदा काडीने, हळूहळू, एक तंतू न ठेवता काढला. तिचा अंगठा मिस्त्रींच्या खळग्यात अर्धाच मावतो, पण मावतो. मला वाटलं, आता काम. छे! तेल लावून तिने मला सुती फडक्यात गुंडाळलं आणि ठेवून दिलं. धार आली, पण फळी नाही. जेवणाच्या पंगतीत हात धुऊन बसवावं आणि वाढूच नये, तसा मी.

माझी चीड कोणावर काढू? लाकडावर? ते आपल्या गतीने वाळत होतं. थप्पीतल्या फळ्या ताई रोज सकाळी उलटायची. वरची खाली, खालची वर, मधल्या पट्ट्या पुन्हा नीट, वर जड दगड. करवत सुरू व्हायच्या आधी, चहाच्याही आधी. ताप असला तरी. एकदा तिच्या आत्याने विचारलं, “एवढं काय मांडलंयस रोज?” ताई म्हणाली, “काही नाही, जरा वारा देते.” नेम केला की त्याची दवंडी पिटायची नाही, हे तिला कोणी शिकवलं, मला ठाऊक नाही.

शिंपीणबाई आधी दर थोड्या दिवसांनी यायच्या. “वाळली का गं?” “अजून नाही, मावशी.” “माझी आई असती तर एवढ्यात मला दोनदा उन्हात टाकून वाळवलं असतं.” मग त्यांचं येणं कमी झालं. मग थांबलं.

“विसरल्या बघ,” धाकटा म्हणाला. “टेबल आहेच की त्यांच्याकडे, आपलं. आता जाऊन उगाच कशाला आठवण द्यायची? ते परत मिळेलच असं नाही, आणि हे मात्र फुकट करावं लागेल.”

दुसऱ्या सकाळी ताईने फळ्या उलटल्या.

मित्रांनो, तुम्ही लहान आहात, म्हणून एक मागणं मागतो. मोठ्यांकडे मागून पाहिलं, त्यांना घाई असते. तुमच्या घरी एखादं जुनं हत्यार असेल, तर त्याच्या डोक्यावर डबा ठेवू नका. काम झालं की पुसा, कोरडं ठेवा. आणि कोणी तुम्हाला ओल्या लाकडाचं आजच्या आज गुळगुळीत टेबल देतो म्हणाला, तर त्याला विचारा की पाणी कुठे गेलं. त्याला राग येईल. येऊ द्या. मला तर किती काळ आला होता, आणि माझं काही बिघडलं नाही. गंज बिघडवतो, राग नाही.

असो. आज सकाळची गोष्ट सांगतो आणि थांबतो.

ताईने थप्पीतली वरची फळी उचलली आणि बोटाच्या पेराने ठोकली. टण्. तिने पुन्हा ठोकली. टण्. मग दुसरी, मग तिसरी, मग फळकूटही. सगळ्यांनी तोच जबाब दिला, कोरडा, स्वच्छ. तुतीचा पिवळा रंग जाऊन आता मधासारखा झाला होता. ताई थोडा वेळ हात जोडून थप्पीसमोर उभी राहिली. काय म्हणाली ते मला ऐकू आलं नाही.

तिने हातगाडी बाहेर काढली. तिचं एक चाक कायम किंचाळायचं, सगळ्या गल्लीला जाग यायची. आज ते आवाज न करता फिरलं. चाकाच्या आसाला ताज्या तेलाचा ओघळ होता. ताईने वाकून तो बघितला, मग धाकट्याच्या खोलीच्या बंद दाराकडे बघितलं, आणि फळ्या गाडीवर चढवायला लागली. फळ्या, फळकूट, डिंक, जोड आवळायचे शिकंजे. सगळ्यात शेवटी तिने फडकं सोडून माझी धार अंगठ्याच्या नखावर पाहिली, पाचरीवर एक हलकी टिचकी दिली, मला पुन्हा गुंडाळलं आणि पिशवीत ठेवून पिशवी स्वतःच्या खांद्याला अडकवली.

चहा तिने घेतला नाही. रस्ता अजून रिकामा होता. पलीकडच्या सॉमिलचं शटर बंद होतं. बाजाराच्या तोंडाशी एक दुकान असेल, त्यात मिस्त्रींचं टेबल असेल, आणि शिंपीणबाई विसरल्या असतील किंवा नसतील. ताईने ते मनात धरलं असेल तर चेहऱ्यावर दिसलं नाही. तिने गाडीच्या दांड्याला दोन्ही हात लावले आणि चालायला लागली.